समोर बावीस, मागे पंचवीस

खेमराजनं पंपाचा काटा दाखवला :
समोर बावीस, मागे पंचवीस.
याच्यावर हवा भरली तं मुरूम फेकते, ताई.
गिट्टीखदानात त्याचं दुकान. दुकान म्हणजे
एक कडुनिंब आणि फांदीला टांगलेल्या ट्यूबा.
टायरच्या पोटात त्यानं पांढरं दूध ओतलं,
बाभळीचा काटा घुसला की छिद्र आपसूक मिटतं.
माणसांसाठी नाही का येत हे, मी विचारलं.
तो हसला नाही.
दिवसातून दहा जण विचारत असतील.

एकवीस दिवस उरलेत.
सातपुड्यात, शंभर किलोमीटर,
साडेनऊ तासांत परत यायचं, नाही तर
नाव खोडतात.
मी चव्वेचाळीस. मेडिकलला एक्स-रे काढते.

पहाटे सव्वाचार. नागपूर तेवढंच थंड,
म्हणजे बत्तीस.
काटोल रोडची कुत्री आता उठतही नाहीत.
गोरेवाड्याच्या मागं सागाची वाळकी पानं
चाकाखाली पापडासारखी मोडतात
आणि वाटतं, कुणीतरी मागून येतंय.
पहिल्याच चढावर एक मोह आहे.
त्याच्या खोडाला हात लावायचा, खाली जायचं,
पुन्हा वर. सहा खेपा.
चौथीला मी शिव्या देते, मोहाला, खेमराजला,
फॉर्म भरताना शेजारी बसून
"भर ना बे" म्हणणाऱ्या प्रज्वला निखारेला.

"श्वास घ्या. रोखून धरा. हलू नका."
काचेआडून मी रात्रभर हेच म्हणते.
चढावर खेमराजचा पोरगा मागून ओरडतो,
"काकू, सोडा ना श्वास!"

मार्चमध्ये पडले. फोटो माझा मीच काढला.
मनगट, केसाएवढी रेघ, सहा आठवडे.
फिल्म जपून ठेवलीय. चांगली आली होती.

नवतप्यात साडेसातनंतर रस्ता आपला नसतो.
मग घर, तांडापेठ, मधली खोली.
ट्रेनरवर कसलेली सायकल, समोर कूलर,
ओल्या वाळ्याचा वास.
इथंच बाबांचा माग होता.
पाय सोडायचा खड्डा आम्ही बुजवला, वर फरशी घातली.
ती अजून थोडी खचलेली आहे,
मागच्या बाजूला पुठ्ठ्याची घडी द्यावी लागते.

बाबा खाटेवरून बघतात.
"दोन घंटे झाले. कुठं पोचली?"
"कुठंच नाही."
"मंग काहून चालवून राहिली?"

म्हणता आलं असतं, तुम्ही चाळीस वर्षं
याच जागी पावड्या दाबल्या, कुठं गेलात?
नाही म्हटलं.
घाम डोळ्यांत उतरला होता
आणि अजून चाळीस मिनिटं बाकी होती.

काल खेमराजनं नवीन काम दिलं.
डोळ्यांवर ओढणी बांध, चेन तोड, चेन जोड.
जंगलात अंधार झाला तं कोण येते?
दोन टोकं, मध्ये कडी, पेडलला झटका : टक्.
पहिल्यांदा नऊ मिनिटं. मग सात.
मग कडी हातातून निसटली, खाटेखाली गेली.

बाबा उठले.
मोतीबिंदूचे डोळे, त्यांना ओढणी लागत नाही.
ग्रीसमध्ये बोटं घातली,
चाचपत एक टोक, चाचपत दुसरं.
चेन म्हणजे काय त्यांना ठाऊक नाही,
पण तुटलेलं कसं लागतं हाताला, ते ठाऊक आहे.
"ताणात नाई जोडत," ते म्हणाले.
"आधी ढील दे. धोट्याला घाई असते, आपल्याले नाई."
कडी बसली. वेळ मोजायचं राहूनच गेलं.

पिशवीत आतापर्यंत :
मीठ लावून उकडायचे बटाटे, खजूर, दोन जास्तीच्या कड्या,
पंप, चड्डीच्या शिवणीला लावायचं मलम.
तर्री पोहे नाहीत. तर्री पोहे परतल्यावर.

साबण आणून दिला तर बाबा म्हणाले, असू दे.
काळी बोटं नाकाशी नेली
आणि भिंतीकडे तोंड करून
बराच वेळ बसून राहिले.
मी पुन्हा सायकलवर चढले.
फरशी जराशी हलली.